कुजू लागलेले लाकूड सरपणात घालण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की धोकादायक झाडे, पडलेल्या फांद्या, तुटलेल्या वीजवाहिन्या आणि अडलेले रस्ते यांच्या बातम्या येऊ लागतात. त्या येणे आवश्यकच आहे. मात्र झाड बाजूला झाले आणि वाहतूक सुरू झाली की बातमी संपते. त्या झाडाच्या खोडाचे पुढे काय झाले, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. कोकणात बहुतेक वेळा कटर मशीनने त्याचे हातभर लांबीचे तुकडे होतात आणि ते सरपणात किंवा भट्टीत जातात. खोड कुजू लागलेले असेल, तर तेही त्याच्या नशिबी नसते. ते बांधाच्या कडेला वाळवी लागेपर्यंत पडून राहते. मी दक्षिण कोकणात लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, लाकूड कातून वाडगे आणि थाळे करणारा कारागीर आहे. अर्धवट कुजलेल्या लाकडातला बराचसा भाग कातकामाला उपयोगी पडतो आणि पुष्कळदा तो निरोगी लाकडाहून अधिक देखणा असतो. असे लाकूड जाळण्यापूर्वी किंवा टाकून देण्यापूर्वी जाणत्या माणसाच्या नजरेखालून जावे, एवढी व्यवस्था आपल्याकडे व्हावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

असे लाकूड थोडेथोडके नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांतल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या आणि नारळी-पोफळींबरोबर आंबा-फणसाची जुनी झाडेही मुळासकट उपटली गेली. त्यातून बागायतदार सावरतो न सावरतो तोच मे २०२१ च्या मध्यास तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले. दोन्ही वेळी करोनाचे निर्बंध होते, मजूर मिळत नव्हते, कटर मशीनवाल्यांची वाट पाहावी लागत होती आणि पाठोपाठ पावसाळा सुरू झाला. अशा वेळी आधी छपरे शाकारली जाणार आणि वाटा मोकळ्या होणार, हे ओघानेच आले. ओंडके जिथे पडले तिथे पावसात भिजत राहिले आणि दसऱ्यापर्यंत त्यांच्या सालीवर अळंबी फुटली. लोकांनी मानले की आता हे लाकूड गेले. त्यातले सगळे गेलेले नव्हते.

वादळे सोडली तरी दरवर्षी असे लाकूड निघतच असते. हापूसच्या जुन्या बागांमध्ये खोडकिडा खोडात बोगदे करतो, त्या वाटेने पाणी आणि बुरशी आत शिरते आणि वरून हिरवे दिसणारे झाड आतून पोखरले जाते. उंच वाढून दाटलेल्या आणि उत्पन्न घटलेल्या झाडांच्या पुनरुज्जीवनासाठी दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ मोठ्या फांद्यांच्या छाटणीची शिफारस करते, आणि त्या छाटणीतूनही मांडीएवढ्या जाडीचे लाकूड मिळते. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात कडेचे जुने वृक्ष गेले, ते दुःख निराळेच आहे. पण त्यांचे ओंडकेही कित्येक ठिकाणी एक-दोन पावसाळे उघड्यावर पडून होते.

लाकूड कुजते म्हणजे ते सगळे एकाच रीतीने बिघडते असा समज आहे, आणि चांगले लाकूड वाया जाते ते या समजामुळेच. बुरशीच्या निरनिराळ्या जाती लाकडातले निरनिराळे घटक खातात. ओल्या आंब्याच्या लाकडात सर्वांत आधी शिरणाऱ्या काही बुरशा केवळ पेशींमधली साखर आणि पिष्ट खातात. त्यांच्यामुळे लाकडावर निळसर-करड्या छटा येतात, पण त्याची ताकद जवळपास तशीच राहते. दुसऱ्या प्रकारच्या बुरशा लाकडाला घट्टपणा देणारे लिग्निन खातात. त्यांनी ग्रासलेला भाग हळूहळू फिका आणि पांढुरका होत जातो. सुरुवातीला तो पुरेसा टणक असतो, पुढे मऊ पडतो आणि शेवटी त्याचे धागे सुटू लागतात. तिसऱ्या प्रकारच्या बुरशा लाकडाच्या धाग्यांतले सेल्युलोज खातात. त्यांच्यामुळे लाकूड तपकिरी होते, त्याला आडव्या-उभ्या चौकोनी भेगा पडतात आणि बोटांत चुरले तर भुकटी होते. या तिसऱ्या प्रकारच्या लाकडात कारागिराला काहीही करता येत नाही. ते शेतात मिसळावे, मातीला त्याचा उपयोग होतो.

कातकामासाठी मोलाचे असते ते पहिल्या दोन प्रकारांचे, तेही सुरुवातीच्या अवस्थेतले लाकूड. त्यात काळ्या रेषा उमटतात. एकाच ओंडक्यात दोन बुरशा वेगवेगळ्या बाजूंनी पसरत येतात आणि जिथे समोरासमोर येतात तिथे, दोन शेतकऱ्यांनी आपापल्या हद्दीवर बांध घालावा तशी, गडद रंगद्रव्याची पातळ भिंत उभी करतात. हे रंगद्रव्य मेलॅनिन या गटातले असते. या भिंतींना इंग्रजीत काय म्हणतात ते बाजूला राहू दे. कारागिराच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की ती भिंत रेषा नसून पडदा असते. लाकडाच्या आत ती सर्व दिशांनी वळत गेलेली असते. म्हणूनच सपाट फळीत जी रेषा जेमतेम लक्षात येते, तीच वाडग्याच्या पोकळ अंगात वळसे घेत, कुठे मिटून वलय होत, कुठे काठावरून बाहेरच्या बाजूला उतरत जाते. अशा लाकडाचे टेबल करण्यापेक्षा वाडगा करणे अधिक योग्य, असे माझे ठाम मत आहे. कुजण्याने मऊ झालेले लाकूड भार पेलू शकत नाही, हे तर उघडच आहे. पण तेवढ्यासाठीच नव्हे, त्याच्या आतले चित्र दिसण्यासाठीही त्याला गोल आणि खोल छेद लागतो.

गेल्या हंगामात एका बागायतदाराने बांधावरून उचलून न्यायला सांगितलेल्या रायवळ आंब्याच्या ओंडक्याचे उदाहरण देतो. साल अंगठ्याने ढकलताच सुटली आणि खाली पांढऱ्या बुरशीचे पापुद्रे दिसले. ओंडका उभा चिरला, तेव्हा आंबूस, ओल्या मातीचा वास आला. जमिनीला टेकलेल्या बाजूचे बोटभर लाकूड नखाने उकरता येत होते. ते तासून टाकावे लागले. त्याच्या आत फिकट, जवळजवळ पांढरा पट्टा होता, त्याला लागून करड्या-निळ्या छटा, आणि या दोहोंमधून अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक काळी रेषा गेलेली होती. एके ठिकाणी ती फुटून तिचे तीन धागे झाले होते आणि पुढे पुन्हा एक झाले होते. गाभ्याकडचे लाकूड मात्र मूळच्या पिवळसर-तपकिरी रंगाचे आणि कडक होते. त्या ओंडक्यातून तीन मोठे वाडगे निघाले. त्याची बाजारातली किंमत शून्य धरली गेली होती, कारण कुजलेले लाकूड वजनाला हलके भरते आणि जळतानाही धूर जास्त व आच कमी देते.

चांगला-वाईट भाग पारखण्यासाठी यंत्र लागत नाही. ओंडक्यावर हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावे. आवाज खणखणीत आला तर आत जीव आहे, भद्द आला तर पोकळी किंवा भुसा आहे. मग चिरलेल्या तोंडावर खिळा टोचून पाहावा. खिळा हाताच्या जोराने अर्धा इंच आत गेला तर तेवढा भाग सोडून द्यावा. टोक रुतून थांबले तर लाकूड कातण्याजोगे आहे. फणसाच्या बाबतीत हे आणखी सोपे असते. त्याचा पिवळा गाभा बुरशीला सहजी दाद देत नाही (जुन्या घरांत आणि देवळांत फणसाचे खांब व तुळया पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत, त्या यामुळेच), आणि कुजते ते बहुधा सालीजवळचे फिकट लाकूड. त्यामुळे एकाच वाडग्याच्या काठाला रेषा-छटांचे फिकट लाकूड आणि तळाला घट्ट पिवळा गाभा, अशी जोडी मिळते. नारळाच्या खोडाची गोष्ट वेगळी. त्याला वार्षिक वलये नसतात, बाहेरचा भाग कठीण आणि आतला मऊ असतो, आणि त्यात या रेषा मला पाहायला मिळालेल्या नाहीत. म्हणून या पत्रात त्याचा विचार केलेला नाही.

वेळेचे भान मात्र ठेवावेच लागते. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या खाली गेला की बुरशीची वाढ थांबते, आणि हवा मिळेनाशी झाली तरी थांबते. आपल्याकडे घरासाठी तोडलेले लाकूड तळ्यात किंवा ओढ्यात बुडवून ठेवण्याची जी चाल होती, तिच्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण होते. पाण्याखाली ते कुजत नसे आणि बुडवलेल्या लाकडातला किडीला आवडणारा अंश निघून जात असे. उघड्यावर पडलेल्या ओंडक्याला मात्र कोकणात ओल, ऊब आणि हवा तिन्ही भरपूर मिळतात. माझ्या अनुभवाप्रमाणे जमिनीवर पडलेल्या आंब्याच्या ओंडक्यात एका पावसाळ्यात रेषा उमटतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्याचा मोठा भाग हातचा जातो. म्हणजे पडलेले झाड पाहून त्याची विल्हेवाट ठरवण्यासाठी हाती एकच कोरडा हंगाम असतो. कार्यालयांमधल्या कागदांना लागणारा वेळ पाहता ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

ओंडका हाती आला की तो लगेच पूर्ण कातून चालत नाही. प्रथम खोडाच्या ऐन मध्यातला मऊ गर वगळून त्याचे दोन अर्ध करावे लागतात, कारण भेगा गरापासूनच फुटतात. मग ओले असतानाच जाड अंगाचा वाडगा कातून घ्यायचा. जाडी व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी ठेवावी, म्हणजे दहा इंचांच्या वाडग्याला एक इंच. आडव्या छेदाच्या जागी, जिथून पाणी सर्वांत लवकर उडते, तिथे मेण किंवा जुना ऑइलपेंट फासून वाडगे रद्दी कागदात गुंडाळून सावलीत ठेवायचे. वाळताना लाकूड वलयांच्या दिशेने जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीच्या दिशेने आकसते. त्यामुळे गोल कातलेला वाडगा काही महिन्यांत लांबट होतो, आणि त्याला पुन्हा गोल करण्यासाठीच ती जाडी राखलेली असते. प्रत्येक वाडग्याच्या तळाशी पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहून ठेवावे आणि अधूनमधून वजन करीत राहावे. वजन उतरायचे थांबले की तो वाळला. कोकणातल्या पावसाळी हवेत मात्र पूर्ण वाळलेले लाकूडही पुन्हा १८-२० टक्क्यांपर्यंत ओलावा ओढून घेते. म्हणून शेवटचे कातकाम मार्च ते मे या महिन्यांतच उरकावे. जूनमध्ये पूर्ण केलेला वाडगा कोरड्या हवेच्या पुण्याला किंवा नागपूरला गेला तर तिथे वाकडा होतो आणि दोष कारागिराच्या माथी येतो.

कुजलेल्या लाकडाची खरी अडचण त्याच्या विषम टणकपणात आहे. एकाच फेरीत पटाशीच्या धारेखाली कडक गाभा येतो आणि पुढच्याच क्षणी मऊ पांढरा भाग. धार जराशी बोथट असेल तर मऊ जागचे धागे कापले न जाता उपटले जातात आणि तिथे खड्डे पडतात. मग ते घासून काढण्याच्या नादात पॉलिश पेपर मऊ भाग अधिक खातो आणि वाडग्याचे अंग खालीवर होते. यावर धारेला पर्याय नाही. गोल पटाशीला पुन्हा पुन्हा धार लावून, अगदी पातळ काप घेत, मिनिटाला ४००-५०० फेऱ्यांपासून सुरुवात करून काम करावे. फारच भुसभुशीत जागी स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख मुरवून, ती वाळल्यावर पुन्हा कातावे. काहीजण यासाठी झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट डिंक बाटल्याच्या बाटल्या ओततात. तेही चालते, पण माझ्या मते ज्या वाडग्याला उभे राहण्यासाठी एवढा डिंक लागतो, तो लाकडाचा राहत नाही, आणि असा तुकडा सोडून द्यावा हे बरे. लाख आपल्याकडची आहे, नंतर त्यावर पुन्हा काम करता येते आणि तिच्याखाली रेषांचा रंगही खुलतो.

या कामात उतरू पाहणाऱ्या तरुणांसाठी सुरक्षिततेबद्दल स्पष्ट लिहिणे मला कर्तव्य वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ सालीच माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात धरले आहे. त्यात कुजलेल्या लाकडाची धूळ अधिक बारीक उडते आणि तिच्यात बुरशीचे बीजाणू असू शकतात. दमा असलेल्यांनी या लाकडाच्या वाटेला जाऊ नये. इतरांनी एन-९५ मास्क, धूळ ओढणारा पंखा आणि संपूर्ण चेहरा झाकणारी काच यांच्याशिवाय लेथ सुरू करू नये. रुमाल बांधून भागत नाही. मऊ लाकूड फिरता फिरता फुटू शकते, म्हणून यंत्र सुरू करताना वाडग्याच्या रेषेत समोर न उभे राहता बाजूला उभे राहावे. ओंडक्यात घुण किंवा भुंगेरे असतील तर तो घरातल्या दुसऱ्या लाकडांजवळ ठेवू नये. साल लगेच काढून जाळावी आणि लाकडाला बोरिक आम्ल व टाकणखार यांच्या द्रावणात बुडवण्याची प्रक्रिया करावी. अशी प्रक्रिया केलेला वाडगा खाण्याच्या वस्तूंसाठी देऊ नये, तो शोभेसाठीच विकावा आणि गिऱ्हाइकाला तसे सांगावे.

कुजलेल्या लाकडाचा वाडगा खाण्यासाठी चालेल का, हा प्रश्न मला प्रत्येक प्रदर्शनात विचारला जातो आणि तो रास्त आहे. पूर्ण वाळलेल्या लाकडात बुरशी वाढत नाही. लाखेचा किंवा जवसाच्या तेलाचा थर व्यवस्थित सुकला असेल, तर फळे, सुका मेवा, कोरडा खाऊ ठेवायला हरकत नाही. ताक, आमटी, चिंचेचे सार अशा पातळ आणि आंबट पदार्थांसाठी मात्र तो वापरू नये, रात्रभर पाण्यात भिजत ठेवू नये आणि भांडी घासण्याच्या यंत्रात तर मुळीच घालू नये. आपल्या स्वयंपाकघरातली पीठ मळायची काठवट निरोगी लाकडाची असे आणि ती तशीच असावी. ज्या लाकडावर रोज पाणी आणि हाताचा जोर पडतो, तिथे मऊ पडलेले लाकूड चालत नाही. शेंगदाणा किंवा करडईचे तेल चोळण्याचा सल्ला काही घरगुती लेखांतून दिला जातो. त्यांतले शेंगदाण्याचे तेल सुकत नाही, ते खवट होते आणि वाडग्याला वास येतो. जवसाचे तेल हवेत सुकून घट्ट होते, पण त्याला प्रत्येक हातामागे दिवस द्यावे लागतात.

या सगळ्याचा सिंधुदुर्गाशी विशेष संबंध आहे. सावंतवाडीत लाकूड कातून त्यावर लाख चढवण्याची कला संस्थानकाळापासून आहे. चितार आळीतील कारागिरांची लाकडी फळे, पाट, गंजिफांच्या, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांच्या, पेट्या महाराष्ट्रभर माहीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला मावळतीला लागली होती. १९७० च्या दशकात श्रीमंत शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कार्यशाळा चालवून तिला पुन्हा उभे केले. या कामाला पांगाऱ्याचे आणि आंब्याचे लाकूड लागते. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबायची, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते आणि वरून केवड्याच्या पातीने घासून चकाकी आणायची, अशी ती रीत आहे. रंगीत लाखेखाली अर्थातच लाकूड झाकले जाते. रेषांच्या लाकडाला रंग लावायचा नाही, पारदर्शक लाखेचा पातळ हात द्यायचा, एवढाच फरक करावा लागेल. हात, हत्यारे आणि लाख तीच. ज्या गावात कातकामाची समज पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे, त्याच्या आसपासच्या तालुक्यांतून हे लाकूड भट्टीत जात राहावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

परदेशात हा विचार पूर्वीच झालेला आहे. अमेरिकेत मेल्विन आणि मार्क लिंडक्विस्ट या पिता-पुत्रांनी साठ-सत्तरच्या दशकांत कुजू लागलेल्या लाकडाचे वाडगे कातून त्यांना कलादालनांत स्थान मिळवून दिले. त्याही आधी, पंधराव्या शतकात, इटलीतल्या कारागिरांनी लाकडाच्या जडावकामात पानांसाठी आणि डोंगरांसाठी एका बुरशीने निळे-हिरवे झालेले लाकूड वापरले होते, आणि तो रंग आजही टिकून आहे. तिकडे थंड हवेत जे घडायला पुष्कळदा वर्षे लागतात, ते आपल्या पावसात एका चातुर्मासात घडते. कच्चा माल आपल्याकडे आयता आहे.

येथे एक मर्यादा आवर्जून सांगितली पाहिजे, नाहीतर या पत्राचा विपर्यास होईल. मी जे लिहीत आहे ते बागा, घरांची परसे, रस्ते आणि शहरे यांतल्या लाकडाबद्दल. जंगलातले कुजणारे खोड जंगलाचेच आहे. त्याच्या ढोलीत धनेश आणि तांबट घर करतात, त्याच्या सालीखालच्या किड्यांवर सुतारपक्षी जगतो, आणि भीमाशंकरच्या रानात पावसाळ्याच्या रात्री जो मंद हिरवा उजेड दिसतो तो अशाच कुजक्या लाकडावरच्या बुरशीचा असतो. देवराईतली पडलेली काटकीही उचलायची नाही, हा आपल्या वाडवडिलांचा दंडक होता. तो तंतोतंत पाळला जावा. उभे, जिवंत झाड वाडग्यांसाठी तोडणे तर समर्थनीय नाहीच. हे लाकूड मौल्यवान ठरले तर कोणी मुद्दाम झाडे पाडील, अशी शंका एका स्नेह्याने बोलून दाखवली. ती मी गंभीरपणे घेतो, आणि म्हणूनच पडलेल्या झाडाचा पंचनामा आणि विक्री यांची नोंद एकाच ठिकाणी असावी असे मला वाटते.

सध्या होते असे. आंबा आणि फणस ही दोन्ही झाडे वृक्षतोडीवर नियंत्रण ठेवणाऱ्या १९६४ च्या राज्य कायद्याच्या अनुसूचीत आहेत, शहरांसाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आणि वृक्ष प्राधिकरणे आहेत. हे कायदे असलेच पाहिजेत. पण पडलेल्या झाडाचे लाकूड बहुधा एकगठ्ठा लिलावात निघते आणि तो सरपणाचा व्यापारी घेतो. मला एका ठिकाणी रस्त्याकडेच्या ढिगातले दोन ओंडके हवे होते. संपूर्ण ढीग घ्या, नाहीतर काही नाही, असे उत्तर मिळाले. सांगणाऱ्या कर्मचाऱ्याचा दोष नव्हता, त्याच्यापुढच्या नमुन्यात दोन ओंडक्यांसाठी रकाना नव्हता. वीस-तीस किलोचा तुकडा गाडीतून नेताना कारागिराला वाटेत अडवले गेले, तर त्याच्याजवळ दाखवायला काही नसते, म्हणून पुष्कळजण या भानगडीत पडतच नाहीत.

नगरपालिका, ग्रामपंचायती आणि सार्वजनिक बांधकाम खाते यांनी लिलावापूर्वी एक दिवस कारागिरांना लाकूड पाहण्यासाठी द्यावा. निवडलेले ओंडके सरपणाच्या दराहून थोड्या अधिक दराने सुटे विकावेत. आणि त्याच पावतीवर झाडाची जात, ठिकाण व तुकड्यांची संख्या लिहून ती वाहतुकीसाठी ग्राह्य धरावी. निवडलेले ओंडके ठेवण्यासाठी मोठी इमारत नको, दोन विटांवर उचललेली आणि वरून पत्रा टाकलेली जागा पुरे, कारण जमिनीशी संबंध तुटला की कुजण्याचा वेग कमी होतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये टर्नरचा अभ्यासक्रम आहे, तो धातूच्या कामाचा. लेथ, मोजमाप आणि धार यांची शिस्त तिथल्या मुलांना आधीच असते. त्यांना सुतारकाम शाखेबरोबर काही आठवडे लाकूड कातायला दिले आणि चितार आळीतल्या अनुभवी कारागिरांना मानधन देऊन शिकवायला बोलावले, तर फार खर्च न होता नवी पिढी तयार होऊ शकेल.

बागायतदार बंधू-भगिनींना मात्र शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या पावसात झाड पडलेच, तर कटर मशीनवाल्याला बोलावताना त्याला हातभर लांबीचे तुकडे करू देऊ नयेत. खोडाची जेवढी जाडी, त्याहून वीतभर अधिक लांबीचे ओंडके ठेवावेत, कारण दोन्ही तोंडांना भेगा पडून तेवढे लाकूड वाया जाते. जिथे खोडाला दोन मोठ्या फांद्या फुटतात ते बेचके फोडू नये, कारण तिथले धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि सर्वांत सुंदर वाडगा तिथूनच निघतो. ओंडक्याच्या तोंडांना उरलेला रंग फासावा, खाली दोन दगड द्यावेत, आणि गणपती आटोपल्यावर, दिवाळीच्या आत, जवळच्या कातकाम करणाऱ्याला किंवा सुताराला एकदा बोलावून दाखवावे. त्याने नको म्हटले तर सरपण आहेच.

आपला नम्र,
कातकाम करणारा एक वाचक,
जि. सिंधुदुर्ग